कोपऱ्यावरची चूल आणि एकसष्ट इमारती

मोंतेरेय, १२ जानेवारी १९९८

प्रिय सोले आत्या,

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. फोन करणार होते, पण तुझ्या खानावळीतला फोन भांड्यांच्या फळीजवळ आहे आणि मागच्या वेळी माझ्या घटस्फोटाबद्दल तुझ्याआधी चार नंबरच्या टेबलाने सल्ला दिला होता. म्हणून पत्र.

मला नवं काम मिळालं आहे. सिमेंटवाल्यांचा इतिहास लिहून झाला, बिअरवाल्यांचा झाला, आता ओलासारा समूहाचा. होय, तेच. ज्यांच्या पहिल्या इमारतीच्या कोपऱ्यावर तू पन्नास वर्षं घेवडा-भात विकते आहेस, ते तुझे घरमालक. ह्या वर्षी समूहाला पन्नास वर्षं होतात. एका इमारतीच्या आता एकसष्ट झाल्या, त्या एकसष्टांत देशातली निम्मी कचेरी-माणसं दिवसभर बसून असतात, आणि हे सगळं एका पुस्तकात घालायचं आहे. पुस्तकाचं वजन साडेतीन किलो असावं अशी अध्यक्षांची इच्छा आहे. मजकुराबद्दल त्यांनी अजून इच्छा व्यक्त केलेली नाही.

अध्यक्ष म्हणजे एदमुंदो ओलासारा, तुझ्या डॉन फेर्मीनचा मुलगा. जनसंपर्काच्या मारिसाबाईंनी मला शब्दांची यादी दिली आहे. समूह कोणाही भाडेकरूला काढत नाही, जागा 'मोकळी होते'. ब्याऐंशी साली पेसो कोसळला त्याला 'चिंतनाचा काळ' म्हणायचं. पंच्याऐंशीच्या भूकंपात त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, ह्याला सतरा पानं आहेत. शेजारच्या पडलेल्या घरांच्या जागा त्यांनी ढिगारा निवायच्या आत विकत घेतल्या, ह्याला एक ओळ: 'शहराच्या उभारणीत सहभाग.'

पहिल्या प्रकरणासाठी माझ्याकडे एवढंच आहे: 'एका ओसाड कोपऱ्यावर एक तरुण द्रष्टा उभा होता.' तू तेव्हा तिथे होतीस. कोपरा किती ओसाड होता आणि द्रष्टा किती उभा होता, ते लिही.

तुझी,
रेनाता


मेक्सिको शहर, २५ जानेवारी १९९८

रेनाता बाळ,

गुडघे आहेत. दोन्ही.

कोपरा ओसाड नव्हता. तिथे मी होते, माझी चूल होती, आणि एक कुत्रा होता त्याचं नाव जनरल. डॉन फेर्मीन उभाही नव्हता. तो माझ्या पाटावर बसून उधारीवर खात होता. द्रष्टा होता की नाही माहीत नाही, पण त्याला वाढताना कढईच्या तळाशी काय उरलंय ते बरोबर दिसायचं.

तुला खरी गोष्ट सांगते, मग तुम्ही तिचं काय करायचं ते करा.

अठ्ठेचाळीस साल. सहा मजल्यांची इमारत चौथ्यापर्यंत आली होती. तीन मे उजाडला, पवित्र क्रूसाचा दिवस. त्या दिवशी गवंडी कागदी फुलांचा क्रूस इमारतीच्या माथ्यावर चढवतात आणि मालक त्यांना जेवू घालतो, हे तुला माहीत आहे. मालकाने जेवू घातलं नाही तर काय होतं ते तुमच्या पुस्तकवाल्यांना माहीत नसेल. गवंडी क्रूस खाली उतरवतात आणि परत येत नाहीत. ते गेले की शहरातला दुसरा कोणी गवंडी त्या भिंतीला हात लावत नाही. अशा तीन इमारती मी तेव्हा पाहिल्या होत्या, नुसते सांगाडे, वर कबुतरं.

सकाळी नऊला डॉन फेर्मीन माझ्यासमोर टोपी हातात घेऊन आला. बँकेने हात वर केले होते. वर अडतीस माणसं फुलं बांधत होती.

म्हणाला, "सोलेदाद, मी त्यांना सांगतो की रविवारी जेवण."

मी म्हटलं, "सांगा. मग सोमवारपासून तुम्ही एकटेच बांधा."

माझ्याकडे दोन टर्की होत्या. माझ्या लग्नासाठी पोसत होते, जूनमध्ये होतं. एकोणीस वर्षांची होते मी, अक्कल तेवढीच. दोन्ही कापल्या. मिरच्या भाजून मोलेचा रस्सा घोटला, आजूबाजूच्या सात घरांतून पातेली आणि भात आणला. दुपारी तीनला अडतीस माणसं जेवून ढेकर देत होती आणि वरून फटाके उडत होते.

जूनमध्ये टर्कीशिवाय लग्न नको असं होणारी सासू म्हणाली, मग पुढच्या वर्षी करू असं मी म्हणाले, आणि नवरा मुलगा वाट न बघता व्हेराक्रूझला गेला. इमारत मात्र पूर्ण झाली. अजून उभी आहे. तो उभा आहे की नाही, मला कळवलेलं नाही.

हे साडेतीन किलोत बसत असेल तर बसव.

आशीर्वाद,
सोले


मोंतेरेय, १४ फेब्रुवारी १९९८

प्रिय आत्या,

टर्कींबद्दल तू मला चव्वेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस. तुझं लग्न का झालं नाही ह्याची आमच्या घरात तीन कारणं प्रचलित होती, त्यांतल्या एकातही पक्षी नव्हते.

तुझी गोष्ट मी जशीच्या तशी लिहून दिली. अध्यक्षांना ती फार आवडली. परत आली तेव्हा तिच्यात लिहिलं होतं: 'त्या दिवशी मालकाने स्वतः आपल्या गवंड्यांना जेवू घातलं.' तू आहेस अजून, पण आता तू 'परिसरातील एक हसतमुख मुलगी' आहेस आणि पाणी वाटते आहेस. मी वाद घातला. मारिसाबाई म्हणाल्या, "रेनाता, सत्य एकच असतं, पण पान दोन रकान्यांचं आहे."

एक विचारू का, रागावू नकोस. तू आणि डॉन फेर्मीन, म्हणजे तसं काही होतं का? एक मुलगी लग्नाच्या टर्की उगाच कापत नाही.

आणखी एक सुचलं, सहजच. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. सकाळचं ऊन येतं, खिडकीत लिंबाचं झाड आहे. तू एकोणसत्तरची झालीस. रोज पहाटे पाचला चूल पेटवायची, दुपारी साठ ताटं वाढायची, हे आता किती दिवस? इकडे ये. वाटल्यास माझ्यासाठी स्वयंपाक कर, मी वाईट खाते.

नुसतं सुचवलं.

तुझी,
रेनाता


मेक्सिको शहर, १ मार्च १९९८

रेनाता,

आधी डॉन फेर्मीनबद्दल. तो माझ्याकडे बघायचा ते माणूस भाजीच्या पातेल्याकडे बघतो तसं, म्हणजे मनापासून, पण त्यात माझं काही नव्हतं. टर्की मी त्या अडतीस माणसांसाठी कापल्या. दोन महिने रोज माझ्या हातचं खात होती. ती उपाशी उतरून गेली असती तर माझ्या चुलीला काय अर्थ होता?

आता तुझ्या खोलीबद्दल. तू त्या घरात अकरा वर्षं राहते आहेस. अकरा वर्षांत त्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं आणि मी आले की कोचावर झोपायचे. आता एकदम तिथे ऊन येतं, लिंबाचं झाड उगवतं. म्हणजे तुला कळलंय. कुठे पाहिलंस? अध्यक्षांच्या टेबलावर छोटी इमारत ठेवली असेल, पुठ्ठ्याची, बाजूला कापसाची झाडं.

मला नोव्हेंबरातच नोटीस आली. बेचाळीस मजल्यांचा मनोरा, त्यासाठी जुनी इमारत पाडायची, कोपऱ्यासकट. 'जागा मोकळी होणार' असंच लिहिलंय, मारिसाबाईंचे शब्द चांगले पाठ करून घेतलेत. नोटीस मिठाच्या डब्याखाली आहे. तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं तुला माहीत आहे आणि तू चाचपून बघते आहेस. नंतर कळलं, तू खरंच द्रष्ट्याबद्दल विचारत होतीस. बापावर गेलीस. तोही करपल्याचा धूर येईपर्यंत स्वयंपाक काय केलाय विचारत बसायचा.

ते असो. तुझ्या पुस्तकासाठी आणखी एक वस्तू सापडली. डॉन फेर्मीनने त्या तीन मेच्या संध्याकाळी एक कागद लिहून दिला होता, त्याचा फोटो काढून पाठवते. अक्षर सुंदर आहे, चित्रासारखं छापता येईल. मुलाला बापाचं अक्षर बघून बरं वाटेल. शोभेची वस्तू, दुसरं काही नाही.

सोले


मोंतेरेय, २० मार्च १९९८

आत्या,

शोभेच्या वस्तूबद्दल आधी बातमी, मग भांडण.

फोटो अध्यक्षांना दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या मोठ्याने वाचला: 'मी, फेर्मीन ओलासारा, लिहून देतो की आज माझ्या गवंड्यांना सोलेदाद तिस्कारेन्यो हिने जेवू घातलं, मी नाही. म्हणून ह्या इमारतीचा तळमजल्यावरचा दक्षिणेचा कोपरा, चुलीपासून दारापर्यंत, तिचा आहे. इमारत असो वा नसो.' फोटो छातीशी धरला. मग म्हणाले, "बाबांचा विनय बघा. स्वतः जेवू घातलं आणि श्रेय त्या मुलीला दिलं."

आता कागद पूर्ण पानभर छापायचा आहे, 'मालकाने स्वतः जेवू घातलं' ह्या ओळीच्या समोरच्या पानावर. खाली अध्यक्ष आपल्या हाताने दोन ओळी लिहिणार आहेत.

भांडण असं. काल मी जुनी भाडेपत्रं बघायला चौदाव्या मजल्यावर गेले, कायदेवाल्यांकडे. तुझी फाइल वरच होती. तुझ्या कागदाची प्रत, आणि त्यावर त्यांचं नऊ डिसेंबरचं उत्तर: 'सदर कागद बनावट आहे असं आमचं मत आहे.' दस्तनोंदणीचं कार्यालय पंच्याऐंशीत जमीनदोस्त झालं, वह्या गेल्या, साक्षीदार वारले, म्हणून बनावट. म्हणजे तुला हे डिसेंबरातच माहीत होतं. चौदावा मजला ज्याला बनावट म्हणतो ते तू माझ्या हातून पंधराव्या मजल्यावर, अध्यक्षांकडे, पाठवलंस. दोन्ही मजल्यांना जोडणारा जिना आहे, आत्या, पण मी सोडून त्यावर कोणी चढताना दिसलं नाही.

तू मला सांगायला हवं होतंस. ह्या गावात कंपन्यांचे इतिहास लिहिणारी बाई म्हणून माझं नाव आहे, ते तेवढंच आहे माझ्याकडे. उद्या कोणी म्हणालं की हिने मावशी-आत्यांचे बनावट कागद घुसवले, तर मला रेशनची यादीही कोणी लिहायला देणार नाही. मी खोली देत होते तुला. खरंच देत होते, लिंबाचं झाडही खरं आहे, कुंडीत आहे.

पुस्तक अकरा एप्रिलला छपाईला जातं. ते पान काढावं असं मला वाटतंय.

रेनाता


मेक्सिको शहर, २८ मार्च १९९८

रेनाता बाळ,

तुला वापरलं. खरं आहे. त्यावर मी काही मसाला घालत नाही.

कसं झालं ते ऐक. तीन नंबरच्या टेबलावर गाल्दिनो वकील जेवतो, बावीस वर्षं, रोज, सूप परत मागतो. त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "डोन्या सोले, हे अक्षर खरं आहे असं सांगू शकणारा एकच माणूस जिवंत आहे, आणि तो सांगणार नाही. मुलगा." मी म्हटलं, विचारून बघू. तो म्हणाला, कोर्टात विचाराल तर नाहीच म्हणेल. मग मी विचार केला, कोर्टात नको, कौतुकात विचारू. तेवढ्यात तुझं पत्र आलं. देवाने पाठवलं असं म्हणणार होते, पण देवाला ओलासारा समूहात काय रस असेल.

तुला आधी सांगितलं असतं तर तुझा चेहरा खोटा झाला असता. तुझा चेहरा मला ठाऊक आहे. लहानपणी साखर खाल्लीस की भिंतीकडे तोंड करायचीस.

पान काढायचं तर काढ. मी रागावणार नाही. पण एक गोष्ट मला खुपली. चौदाव्या मजल्याने विचारलं, कागद टिकेल का. गाल्दिनोने विचारलं, सिद्ध होईल का. तूही विचारते आहेस, तुझं नाव राहील का. खरा आहे का, हे कोणी विचारलंच नाही. तूसुद्धा.

खरा आहे. माझ्या पाटावर बसून लिहिला त्याने, बोटांना मोले लागलं होतं, खालच्या कोपऱ्यातला डाग तोच आहे. लिहून झाल्यावर म्हणाला, "सोलेदाद, लग्नात मी टर्की देईन." ते मात्र राहिलं.

तुझी खोली चांगली असेल. पण मी तिथे पहाटे पाचला उठून काय करू? मला नवरा मिळाला नाही, पोर झालं नाही, मला तो कोपरा मिळाला. कोणी मला दिला नाही बाळ, मी तो रांधून घेतला. म्हातारपणी माणसाला ऊन लागतं हे खरं. पण आपण जिथे आयुष्य घातलं ते ठिकाण आपलं होतं एवढं कोणी म्हणावं, हेही लागतं.

सोले


मोंतेरेय, ३ मे १९९८

प्रिय आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. तू समजली असशील पान काढलं, आणि समजूनही तू काही विचारलं नाहीस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग लाजले. चव्वेचाळीस वर्षं तू मला खोटं खाऊ घातलं नाहीस आणि मी तुझ्या कागदाला हात लावायच्या आधी हातमोजे शोधत होते.

मग मी जे करायला हवं होतं तेच केलं, सरळ. अध्यक्षांकडे गेले आणि विचारलं, "हे अक्षर तुमच्या वडिलांचंच आहे ना? तुम्हाला खात्री असेल तरच छापते." ते दुखावले. म्हणाले, "बाई, ह्या अक्षरातले शेरे माझ्या प्रगतिपुस्तकावर अकरा वर्षं वाचलेत मी." आणि तेच त्यांनी कागदाखाली लिहिलं, सही केली, तारीख घातली: 'माझ्या वडिलांनी स्वहस्ते लिहिलेला हा अस्सल दस्त आमच्या समूहाचा आत्मा आहे.' मी मारिसाबाईंना लेखी विनंती केली की हे पान चौदाव्या मजल्याला दाखवावं. त्या हसून म्हणाल्या, "कायद्याची माणसं चित्रांची पुस्तकं वाचत नाहीत." माझ्या चिठ्ठीवर त्यांनी 'गरज नाही' असं लिहून दिलं. चिठ्ठी माझ्याकडे आहे. माझ्याकडेही आता मिठाचा डबा आहे.

बुधवारी समारंभ झाला. चारशे पाहुणे, दोन मंत्री, मनोऱ्यात पैसा घालणारे परदेशी भागीदार, आणि बर्फात कोरलेली इमारत, जी भाषणं संपेपर्यंत बंगल्याएवढी उरली. अध्यक्षांनी तुझा कागद माइकवर वाचला. 'इमारत असो वा नसो' ह्या शब्दांना थांबले, चष्मा काढला, पुसला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी चौदाव्या मजल्याचे प्रमुख बसले होते. त्यांच्या तोंडात कोळंबी होती. ती त्यांनी चावली नाही, गिळलीही नाही. अर्धा मिनिट तशीच धरून मला विचारलं, "किती प्रती?"

"तीन हजार," मी म्हटलं. "वर्तमानपत्रांना सकाळीच गेल्या."

समोरच्या टेबलावरचा एक परदेशी भागीदार तेवढ्यात दुभाष्याला विचारत होता: हा दक्षिणेचा कोपरा म्हणजे आपल्या मनोऱ्याचं मुख्य दार ना?

एक प्रत तुला पाठवली आहे. उचलताना गुडघे सांभाळ.

तुझी,
रेनाता

ता. क. मला पुढचं काम दिलेलं नाही. मारिसाबाईंच्या यादीप्रमाणे माझीही जागा मोकळी झाली.


मेक्सिको शहर, ४ मे १९९९

रेनाता बाळ,

तू एप्रिलात येऊन गेल्यापासून इथे फार काही झालं नाही, फक्त मनोरा सातव्या मजल्यापर्यंत आला. माझ्या कोपऱ्याला वळसा घालून. वास्तुविशारद येऊन मला सांगून गेला की ही 'वारशाशी संवाद साधणारी रचना' आहे. मी म्हटलं, संवाद साधायचा असेल तर दुपारी एकनंतर ये, आत्ता कांदे परततेय. पुस्तक दाराला टेकू म्हणून लावलंय. दार इतकं चांगलं कधी उघडं राहिलं नव्हतं. अध्यक्षांच्या सहीचं पान पुढे ठेवल्यावर कोपऱ्याची नोंद माझ्या नावाने झाली, तिची पावती गाल्दिनोने काचेत घालून आणली आणि तीन दिवस सूप फुकट मागितलं.

काल तीन मे होता. गवंड्यांनी सातव्यावर क्रूस चढवला. एकशे बारा माणसं. समूहाने जेवण पाठवलं, एकशे बारा पुठ्ठ्याचे डबे. आत गार पावाचे तुकडे, एक सफरचंद आणि अध्यक्षांच्या फोटोचं शुभेच्छापत्र. मुकादमाने एक डबा उघडला, बंद केला, वर क्रूसाकडे बघितलं. मला ते बघणं ओळखीचं आहे. आणखी दहा मिनिटं गेली असती तर फुलं उतरायला लागली असती.

मी दाराशी जाऊन हाक मारली, "मुकादम, मालकाच्या घरचं जेवण ह्या बाजूला आहे."

तीन टर्की होत्या, आदल्या दिवशीच घोटून ठेवलेलं मोले, आणि तू येऊन पुसून गेलेली सगळी मोठी पातेली. शेजारच्या सात घरांपैकी आता एकच उरलंय, त्यांनी भात दिला. अध्यक्षही आले, फोटोसाठी. त्यांना रांगेत उभं केलं. बापासारखेच जेवतात, कढईच्या तळाकडे नजर. जाताना म्हणाले, "डोन्या सोले, बाबांनी लग्नाच्या टर्कींचं काही कबूल केलं होतं असं रेनाताबाई म्हणत होत्या." मी म्हटलं, नवरा मिळाला की कळवीन.

तुझी इकडे खोली तयार आहे, माळ्यावरची. ऊन येत नाही, मनोऱ्याची सावली पडते. पण खालून फोडणीचा वास येतो आणि तुला लिहायला जागा लागते. इस्त्रीचं टेबल हलवलंय.

आणि त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघाली, तुला विचारलं, तर ती एक ओळ बदलू नकोस. 'मालकाने स्वतः आपल्या गवंड्यांना जेवू घातलं.' राहू दे तशीच. फक्त साल नव्व्याण्णव घाल.

आशीर्वाद,
सोले